माळा उतरवण्याआधी

अगं, भंगारवाल्याला फोन नंतर कर, आधी चहा घेऊन सासूबाईंसमोर बस. इमारत पुनर्विकासाला गेली, बिल्डरने घर रिकामं करायची तारीख दिली, भाड्याची जागा आत्ताच्या घराच्या निम्मी. सगळं मला कळतं. पण हे घर त्यांनी मांडलंय. त्यांच्या देखत गेलेल्या वस्तूसाठी त्या चार दिवस हळहळतील. त्या देवळात गेल्या असताना गेलेल्या वस्तूबद्दल मात्र तू पुढे दर सणाला ऐकशील.

आणि एक मनाशी पक्कं कर. माळ्यावर टाकलेली वस्तू जपली गेली असं आपल्याला वाटतं. खरं तर तिचं काय करायचं हे ठरवणं आपण पुढच्या बाईवर ढकलतो. आजेसासूबाईंनी ठरवलं नाही ते सासूबाईंवर आलं, त्यांच्याकडून तुझ्यावर आलं, आणि तूही टाळलंस तर तुझ्या लेकीवर जाईल. तिला तर कोणती वस्तू कोणाची हेही ठाऊक नसेल. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे उरकायचं असतं.

भांड्यांपासून सुरुवात कर. जागा तीच जास्त खातात आणि त्यांच्यावरून डोळे कमी भरून येतात. घंगाळ, बंब, पराती, ओगराळी, सगळं खाली काढ आणि एकेक भांडं फिरवून बघ. आपल्याकडे लग्नामुंजीत आलेल्या भांड्यांवर ठिपक्यांनी नावं घातलेली असतात: कोणाकडून, कोणाला, कधी. मोडीत दिलेलं भांडं वितळतं आणि नावही जातं. म्हणून आधी फोटो काढ आणि ‘ही कोण?’ म्हणून सासूबाईंना विचार. घराण्याच्या वंशावळीत बहुतेक पुरुषच असतात. बायकांची माहेरं, मावश्या, आत्या सापडतात त्या अशा तांब्यांच्या गळ्यावर. त्या सांगतील ते तिथल्या तिथे लिहून घे.

मग हवी तेवढीच ठेव. हवी म्हणजे जी तू खरंच चुलीवर, आपलं, गॅसवर चढवशील ती. पितळी पातेलं ठेवणार असशील तर आतून कल्हई लागेल. कल्हई उडालेल्या पितळेत चिंचेची आमटी, ताक, सोलकढी असलं आंबट काही ठेवायचं नाही. धातू अन्नात उतरतो. कल्हईवाला आता दारावर क्वचितच येतो, त्यामुळे त्याला शोधून काढण्याइतका जीव ज्या भांड्यावर आहे तेच ठेव. बंबाला पोचे आले असतील आणि तो दिवाणखान्यात मिरवायचा असेल, तर पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत अजून ठोक्याचं काम करणारे आहेत.

बाकीची मोडीत घाल. तांबं आणि पितळ वेगळं कर, तांब्याला भाव जास्त मिळतो. लोखंडी कड्या आणि लाकडी मुठी आधीच काढ, घरी वजन कर, दोन दुकानांत विचार. घट दुकानदार धरणारच, पण किती धरणार हे काट्यावर चढवण्याआधी बोलून घे.

तुझे नंदावे म्हणतील, ‘अहो, हे अँटिक आहे, म्युझियमला द्या.’ ऐकून घे. पुण्याच्या शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांचं संग्रहालय आहे ना, ते अशाच घरगुती वस्तूंचं: अडकित्ते, दिवे, भांडी. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्यांनी त्याला दिलं. पण त्या माणसाने आयुष्यभर गावोगाव हिंडून एकेक नग पारखून घेतला. घरोघरी सापडणारी परात कुठलंही संग्रहालय घेणार नाही. एखादा खरोखर वेगळा, कोरीव अडकित्ता निघालाच तर नंदाव्यांनाच फोटो घेऊन पाठव. कामाला लागतील.

साड्यांना सवड ठेवून बस. पैठणी आणि खरी रेशमी लुगडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की घडीवरच चिरतात. ठेवायच्या असतील तर जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळ, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नको, आणि दर काही महिन्यांनी घडी बदल. पार विरलेल्या साडीचे काठ खऱ्या जरीचे असले तर जुनी जर घेणारे चांदीचे पैसे देतात. नकली जरीला काहीच मिळत नाही, तेव्हा आशा लावून बसू नको. सुती नऊवारींची गोधडी शिवून घे. नायलॉन, टेरिकॉट त्यात नको; ते घाम शोषत नाही आणि थंडीत उबही देत नाही. शिवायला देण्याआधी प्रत्येक लुगडं भिजवून रंग जातो का बघ, नाहीतर पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर लाल उतरेल. आणि बोहारणीला चार साड्या देऊन स्टीलचा डबा घ्यायचा मोह आवर. घर रिकामं करायला निघालीस आणि भांडंच घरात आणलंस!

कागदांच्या ट्रंकेला मात्र रद्दीवाल्याचा हात लागू देऊ नको. सोसायटीचं भागपत्र आधी शोध, पुनर्विकासात ते लागतंच. कंपन्यांच्या शेअरचे जुने कागदी दाखले निघाले तर ते सीएच्या हाती दे. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट करावे लागतात. वारसाच्या नावावर करायची वाट वेगळी आहे, ती अजून उघडी आहे. आणि ओळीने सात वर्षं लाभांश कोणी उचलला नसेल तर शेअर सरकारी निधीत जमा झालेले असतात. अर्ज करून ते परत मागता येतात. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिही, बॉलपेन पुढून उठतं. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नको, आधी जागेवरच फोनने टिपून घे.

देवघराचं तू एकटीने ठरवू नको. टाक कोणाकडे जायचे हे थोरल्या दिरांना विचारून ठरव. झिजले असतील तर सोनार उजळून देतो. घरात नाजूक भांडणं होतात ती दागिन्यांवरून कमी आणि टाकांवरून, समईवरून, पुरणयंत्रावरून जास्त. त्यावर माझा उपाय ऐक. सगळ्या वस्तूंचे फोटो घरच्या ग्रुपवर टाक आणि खाली तारीख लिही. ज्याला जे हवं त्याने त्या तारखेपर्यंत घेऊन जायचं. ‘राहू दे तुझ्याकडे, नंतर नेते’ याला हो म्हणायचं नाही, अगदी आपल्या आईने म्हटलं तरी. एका वस्तूवर दोघींनी बोट ठेवलं तर सासूबाईंना ठरवू दे, तू मध्ये पडू नको.

आता मामंजींचं कपाट. ते सगळ्यात शेवटी, आणि सासूबाई आपण होऊन म्हणतील तेव्हाच. चष्मा, कवळी, कमरेचा पट्टा बघून तुझेही हातपाय गळतील. चांगले शर्ट धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून मगच दे. फाटका कपडा कोणाला देऊन आपल्याला पुण्य लागत नाही. फाटक्याची फडकी होतात. उरलेल्या गोळ्या आणि जुने मोबाइल भंगारात नकोत. मोबाइल ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर दे, औषधं मुलांच्या नि गाईगुरांच्या तोंडी लागणार नाहीत असं बघ. एक काहीतरी सासूबाईंच्या उशाशी राहू दे. काय ते त्यांनी निवडायचं, आणि निवडल्यावर ‘हेच का?’ असं कोणी विचारायचं नाही.

आणि यातलं काही टाकताना मन खाईल, तेव्हा एक लक्षात ठेव. आपल्या आज्यांनी फारसं काही जपून ठेवलेलं नव्हतं गं. लुगडं विरलं की गोधडी, गोधडी फाटली की पायपुसणं, भांडं गळलं की डाग, डागही टिकेना की मोड. त्यांची माया वापरात होती. माळा भरला तो आपल्या हाती पैसे आल्यावर, नवं आलं आणि जुनं जाईना तेव्हा.

शनिवारी खोकी आणि मार्कर घेऊन येते, डबा मीच आणेन. तू तेवढ्यात थोरल्या जावेला फोन करून ठेव. ग्रुपवर फोटो दिसायच्या आधी तिला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे.