उगम, पाणलोट आणि संगम

विद्यार्थी मित्रहो, व्याख्या पाठ केल्यानें परीक्षेंत गुण मिळतात खरे. परंतु भूगोलांतील शब्दांचा खरा उपयोग आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत पावसाळ्यांत कळून येतो. म्हणून नदीविषयींचे कांहीं शब्द आम्ही येथें आपल्याच नद्यांच्या आधारें समजावून देत आहों.

जेथें नदीचा प्रवाह सुरू होतो तो तिचा उगम. वैनगंगेचा उगम मध्यप्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत व वर्धेचा बैतूल जिल्ह्यांत मुलताईच्या परिसरांत आहे. मुलताईसच तापीही उगम पावते. पण तापी पश्चिमेस अरबी समुद्राकडे जाते, आणि वर्धेचें पाणी अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें. असे दोन प्रवाह वेगळे करणारी जी उंच भूमि, तिला जलविभाजक म्हणतात. कौलारू घराच्या आढ्यावर पडलेला पाऊस पुढच्या व मागच्या अशा दोन अंगणांत उतरतो, तसाच हा प्रकार होय.

ज्या प्रदेशावर पडलेलें पाणी उतारानें एका नदीस येऊन मिळतें, तो प्रदेश तिचें पाणलोट क्षेत्र. मोठ्या नदीस मिळणारी ती उपनदी, व मिळण्याचें ठिकाण तो संगम. चंद्रपुरापाशीं झरपट इरईस मिळते, व इरई पुढें वर्धेस. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र होतात. तेथून त्यांस प्राणहिता हें नांव प्राप्त होतें. प्राणहिता सुमारें ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. १९८२ सालीं चंद्रपुरांतून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. परंतु पाणी असल्या सीमा मानीत नाहीं. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक ओढा शेवटीं गोदावरीचाच आहे.

आतां एक प्रश्न. आपल्या गांवीं पाऊस नसतां नदीस पूर कसा येतो? उत्तर पाणलोट ह्या शब्दांत आहे. शिवनी, बालाघाट, भंडारा ह्या भागांत पडलेला पाऊस वैनगंगेनें कांहीं काळानें खालीं येतो. गोसीखुर्द धरणाची दारें उघडलीं म्हणजे तर देसाईगंजास आकाश निरभ्र असूनही पात्र फुगतें.

दुसरें कारण संगमापाशीं आढळतें. मुख्य नदी दुथडी भरली म्हणजे उपनदीचें पाणी तिच्यांत शिरूं शकत नाहीं. तें मागें तुंबतें. ह्यास फुगवटा म्हणतात. वर्धा चढली कीं इरई तुंबते व चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतें. भामरागडाजवळ पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्यांचा संगम आहे. तेथें पर्लकोटेच्या पुरानें पूल बुडून आल्लापल्लीचा मार्ग अनेकदां बंद पडला आहे.

"आज येथें थेंबही पडला नाहीं, मग नाला ओलांडण्यास भय कसलें?" असें म्हणणारा मनुष्य पाणलोट विसरलेला असतो. पालकांसही आमची विनंति आहे कीं, पुलावरून पाणी वाहत असतां मुलांस शाळेस धाडूं नये. चुकलेला पाठ आम्ही पुनः शिकवूं.

मुलांनो, सुटींत एवढें करा. आपल्या गांवचा ओढा कोठून येतो, कोणत्या नदीस मिळतो, आणि पाणी चढलें असतां प्रथम कोठें पसरतें, हें घरच्या वडील माणसांस विचारा व त्याचा नकाशा काढून आणा.