दोन सेनानी, दोन राजीनामे

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. देशाची घडी नीट बसवायला लष्करी माणूसच हवा, असं तू लिहितोस. शिस्त आणि धडाडीचं मोल मी जाणतो. पण सेनाधिकारी सत्तेवर चढला कसा, एवढंच वाचून थांबू नकोस. उतरला कसा, तेही वाच.

१९५८ साली फ्रान्समध्ये जनरल द गॉल आणि पाकिस्तानात जनरल अयुब खान सत्तेवर आले. द गॉलही काही अगदी सोवळे नव्हेत. फ्रान्सच्या ताब्यातल्या अल्जियर्समधल्या लष्करी उठावाच्या धाकानेच पुढाऱ्यांना त्यांची आठवण झाली. पण त्यांनी संसदेकडे बहुमत मागितलं, नव्या घटनेवर जनतेचा कौल घेतला. अयुब खानांनी मात्र ज्या राष्ट्राध्यक्ष इस्कंदर मिर्झांनी ७ ऑक्टोबरला मार्शल लॉ पुकारला, त्यांनाच वीस दिवसांत बाजूला सारलं.

एप्रिल १९६१ मध्ये अल्जियर्सला चार जनरलांनी पुन्हा बंड केलं. तेव्हा सत्तर वर्षांचे द गॉल आपला जुना ब्रिगेडियर जनरलचा गणवेश चढवून दूरचित्रवाणीवर आले आणि बंडखोरांचा एकही हुकूम मानू नका, असं त्यांनी सैनिकांना बजावलं. बराकींतल्या पोरांनी ते ट्रान्झिस्टरवर ऐकलं. काही दिवसांत बंड कोसळलं. वर्दीचा इतका उचित वापर मला दुसरीकडे क्वचितच दिसला.

आता १९६९ बघ. अध्यक्षपद रिकामं झालं तर कारभार राष्ट्रीय सभेच्या सभापतीकडे जावा, असं अयुब खानांच्याच १९६२ च्या घटनेत होतं. २५ मार्चला त्यांनी तो सरसेनापती याह्या खानांच्या हाती दिला. महिनाभराने, २७ एप्रिलला, द गॉल सार्वमत हरले. जेमतेम ५२ टक्के लोक विरोधात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला त्यांनी पद सोडलं. कारभार घटनेप्रमाणे सिनेटच्या अध्यक्षांकडे, आलँ पोएर यांच्याकडे गेला. सार्वमताला टाकलेल्या ज्या सुधारणांनी सिनेटचे पंख छाटले जाणार होते, त्यांच्याविरुद्ध याच पोएरांनी प्रचार केला होता!

तूही वर्दीतलाच. राजकारणाची ओढ वाटली तर खुशाल जा, पण रीतसर निवृत्त होऊन, साध्या कपड्यांत मतदाराच्या दारात उभा राहा. तोवर हाताखालच्या जवानांसमोर कुठल्याही पक्षाची बाजू घेऊ नकोस. त्यांना तुला उलट उत्तर देता येत नाही, हे ध्यानात ठेव.

तुझा,
मामा