औंधचें स्वराज्य

विद्यार्थ्यांनो, औंध म्हटलें म्हणजे आपणां चिंचवडकरांस मुळेपलीकडचें औंध आठवतें. परंतु आम्ही सांगतों तें औंध सातारा जिल्ह्यांतील. पंतप्रतिनिधींच्या संस्थानची ती राजधानी होती.

राजाही असावा आणि सत्ताही प्रजेची असावी, हें कसें घडतें? इंग्लंडांत राजा मंत्र्यांच्या सल्ल्यानें वागतो आणि मंत्री पार्लमेंटास जबाबदार असतात. श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं महात्मा गांधींचा सल्ला घेऊन १९३९ च्या जानेवारींत आपल्या सुमारें ७२ गांवांच्या संस्थानास प्रजेच्या स्वराज्याची घटना दिली.

या घटनेची इमारत पायापासून रचलेली होती. गांवकऱ्यांनीं पंचायत निवडावी, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुकासभा व्हावी, आणि तालुक्यांतून राज्याच्या विधिमंडळावर प्रतिनिधी जावे. स्कॉटलंडची प्रांतिक विधिसभा १९९९ पासून मतदार थेट निवडतात. औंधांत मात्र विधिमंडळाची वाट गांवच्या पारावरून जाई.

चांगला राजा लाभणें हें प्रजेचें दैव. परंतु पुढचा राजा तसाच निघेल अशी हमी कोण देणार? म्हणून राजाचा चांगुलपणा कायद्यांत बांधून ठेवावा लागतो. बाळासाहेबांनीं तें स्वतः होऊन केलें, यांतच त्यांचें मोठेपण आहे.

१९४८ च्या मार्चमध्यें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजपद गेलें, परंतु गांवानें आपला कारभार आपण पाहावा, ही शिकवण उरली. मोठेपणीं तुम्हांवर मत देण्याची पाळी येईल, तेव्हां तें दुसऱ्याच्या सांगण्यावरून देऊं नका.