जुनी गाडी मिस मारते : आधी निदान, मग पाना



बोरी अरब परिसरात आणि एकूणच दारव्हा तालुक्यात जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात. १९७२ साली निघालेली बजाज चेतक आणि लूना, राजदूत, १९८५ ची हिरो होंडा सीडी १००, एखाद्याच्या गोठ्याशेजारी पेट्रोलवरची जीप. या सर्वांना कार्बोरेटर आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींत त्याची जागा इंजेक्शन पद्धतीने घेतली. तिथे बिघाड झाला की दिवा लागतो. आपल्या जुन्या गाडीला असा दिवा नाही. तिचे दुखणे मालकानेच ओळखायचे असते.

तोडणीच्या दिवसांत गाडी बंद पडली की माणूस घाईला येतो. आज प्लग बदलला, उद्या कॉइल, परवा कार्बोरेटरच नवा. पैसे गेले आणि गाडी मात्र तशीच. शेतात आपण असे करीत नाही. ऊस पिवळा पडला म्हणून कोणी लगेच बेणे बदलत नाही. पाणी साचले का, लोह कमी पडले का, हुमणी लागली का, हे आधी पाहतो. गाडीलाही तोच न्याय लावावा.

इंजिनाला काय लागते

इंजिन चालायला चारच गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, पुरेसे पेट्रोल, मापात हवा आणि सिलिंडरमध्ये दाब, म्हणजे कॉम्प्रेशन. शुद्ध पेट्रोल पुरते जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण पातळ होते, जास्त झाले तर घट्ट. या चारपैकी काय कमी पडले ते शोधणे म्हणजेच निदान.

आधी लक्षण नीट सांगा

"गाडी बरोबर नाही" एवढ्याने मिस्तरीला काही कळत नाही. बिघाड थंड गाडीत होतो की तापल्यावर? हळू चालताना की पूर्ण रेस दिल्यावर? सपाटीला की चढावर? एकदम बंद पडते की झटके खात? शेवटचे काम काय केले होते? या पाच प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. निम्मे निदान तिथेच होते.

प्लग पाहा

गाडी चालूच होत नसेल तर आठ-दहा किक मारून प्लग काढावा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे. आधी ठिणगी तपासावी. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही.

चालू गाडीचा प्लगही बोलतो. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रण घट्ट किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरा पडला असेल तर मिश्रण पातळ आणि इंजिन जास्त तापते आहे. तेलकट काळा असेल तर फोर-स्ट्रोक गाडीत रिंग किंवा व्हॉल्व्हचे सील पाहावे, टू-स्ट्रोकमध्ये तेलाचे प्रमाण.

करंट तपासताना

प्लग टोपीत घालून त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवावे आणि किक मारावी. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळी, बारीक ठिणगी अशक्त समजावी. प्लग सिलिंडरच्या भोकापासून दूर धरावा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. जवळ विडी-काडी तर मुळीच नको. प्लग अधांतरी ठेवून किक मारू नये, त्याने कॉइल आणि सीडीआय जळू शकते.

ठिणगी अशक्त असेल तर प्लगची टोपी, वायर, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल या क्रमाने जावे. प्लगची फट बहुतेक जुन्या दुचाकींत ०.६ ते ०.७ मि.मी. असते, तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडा हाच अंतिम मानावा. फट नजरेने न ठरवता फिलर गेजने मोजावी.

दोन किलोमीटर चालून बंद पडते तेव्हा

ही तक्रार नेहमी ऐकू येते : गाडी थोडी चालते, बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. कारणे मुख्यतः दोन. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र काळ्या मातीच्या धुळीने बुजले की पेट्रोल खाली उतरत नाही. किंवा कॉइल तापल्यावर करंट सोडते. गाडी बंद पडताच झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळात गाडी चालू झाली, तर दोष छिद्राचा. नाही तर तिथेच, गाडी गरम असतानाच ठिणगी पाहावी. थंड झाल्यावर पाहिलेली ठिणगी फसवते.

चोक आणि हवा

इंजिन तापलेले असताना चोक थोडा ओढून पाहावा. गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे किंवा कुठून तरी फुकटची हवा धरते आहे. बिघडली तर मिश्रण आधीच घट्ट असण्याचा संभव. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या जोडावर स्लो चालीत थोडे साबणाचे पाणी टाकावे. चालीत फरक पडला तर तिथली गॅस्केट किंवा रबर गेले. टू-स्ट्रोक गाडी पिकअप घेत नसेल तर सायलेन्सर कार्बनने तुंबला आहे का, तेही पाहावे.

आता कार्बोरेटर

इथवर सारे ठीक असेल तरच कार्बोरेटरला हात लावावा. स्लो राहत नसेल तर पायलट जेट, पूर्ण रेसला दम तोडत असेल तर मेन जेट, पेट्रोल बाहेर वाहत असेल तर फ्लोट आणि त्याची सुई. जेट हवेने फुंकून साफ करावा, तारेने कोरू नये. पितळ मऊ असते. ०.८० मि.मी.चे भोक ०.८८ झाले तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते. मग मायलेज का गेले म्हणून वर्षभर शोधत बसावे लागते.

इथेनॉलचे काय?

हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाने सुरुवात झाली. देशाची सरासरी २०२२ मध्ये दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांपर्यंत गेली. उसाचा रस व मळी यांना त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले. पण आपला माल म्हणून खरे झाकू नये. इथेनॉलला जळायला वजनाने नऊ पटच हवा लागते. नवी गाडी आपोआप पेट्रोल वाढवते. कार्बोरेटरचा जेट ठरलेला, तो वाढवत नाही. म्हणून जुनी गाडी थोडी पातळ चालते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या धर्तीच्या दुचाकींचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर तीन ते चार टक्क्यांनी घटेल आणि काही रबरी भाग बदलावे लागतील, असा अंदाज दिला आहे.

याचा अर्थ प्रत्येक दोष इथेनॉलच्या माथी मारावा असा नव्हे. मायलेज निम्म्यावर आले तर कारण दुसरेच आहे. मात्र तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, इथेनॉल पाणी ओढते. पाणी प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके कॉकपाशी बसते. पावसाळ्यात गाडी उभी राहणार असेल तर कार्बोरेटरची वाटी रिकामी करावी. दुसरी, टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टरमध्ये येते, तो वेळोवेळी पाहावा. तिसरी, पेट्रोलची नळी आणि रबरी सील फुगले किंवा चिरले असतील तर लगेच बदलावेत. गळते पेट्रोल आणि गरम इंजिन यांची गाठ पडू देऊ नये.

शेवटी एकच नियम : एका वेळी एकच वस्तू बदला, गाडी चालवून पाहा, मगच पुढची. दोन वस्तू एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तरी कोणती खराब होती ते कळत नाही, आणि चांगली वस्तू भंगारात जाते. एवढे पाहूनही ठिणगी, पेट्रोल, हवा सर्व ठीक निघाले तर कॉम्प्रेशन आणि टायमिंग ही कामे जाणत्या मिस्तरीकडे द्यावीत. जाताना वर सांगितलेला कागद सोबत न्यावा. त्याचा वेळ वाचेल, आणि आपला पैसाही.