कार्डं किती छापायची?

१. कानबानचं, म्हणजे माल मागवणाऱ्या कार्डांचं, सूत्र नवा इंजिनिअर पाच मिनिटांत शिकतो. ताशी मागणी गुणिले लीड टाइम, त्यावर थोडी राखीव टक्केवारी, भागिले एका बिनमधले नग. अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरायचा. भोसरीत पीपीसीचं (उत्पादन नियोजनाचं) टेबल सांभाळताना दिसलं ते असं, की मागणी आणि बिनचे नग कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं. लीड टाइम मात्र जितकी तोंडं तितका.

२. म्हणून लीड टाइम विचारू नये, मोजावा. समजा, असेंब्लीला तासाला ६० बुश लागतात आणि बिनमध्ये ४० बसतात. ऑपरेटर सांगतो, "दीड तास, साहेब." तो खरं बोलतो, त्याच्या मशीनवर तेवढाच वेळ जातो. त्या हिशेबाने ९० नग, १० टक्के राखीव धरून ९९, म्हणजे ३ कार्डं. आता कार्डामागे स्वतः फिरा. रिकाम्या बिनचं कार्ड पेटीत पडतं आणि पेटी दोन तासांनी एकदा उघडते. मशीनवर आधीचा जॉब असतो, तो संपून सेटिंग बदलेपर्यंत एक तास. भरलेला बिन ट्रॉलीवरून लाइनला पोचायला अर्धा. मशीनचा दीड तास धरून झाले पाच तास, म्हणजे ३०० नग, राखीव धरून ३३०, आणि कार्डं ९! वरची सहा कार्डं निव्वळ ताटकळण्याची. पेटी तासातासाला उघडायला लावली, तर ९ची ७ होतात, आणि त्यासाठी नवं मशीन घ्यावं लागत नाही. मॅनेजमेंटला हे पटवणं मात्र नवं मशीन मंजूर करून घेण्यापेक्षा अवघड जातं.

३. माल बाहेरच्या वेंडरकडून येत असेल, तर तास सोडून फेऱ्या मोजाव्यात. टोयोटाच्या पुरवठादार-कार्डावर १-४-२ असे तीन आकडे असतात. १ दिवसात ४ फेऱ्या, आणि या फेरीत नेलेल्या कार्डाचा माल त्यानंतरच्या दुसऱ्या फेरीला. दिवसाला ९६० नग लागत असतील, तर (त्या दोन फेऱ्या अधिक ही एक, अशा तीन) ९६० गुणिले ३ भागिले ४ म्हणजे ७२० नग. ४०च्या बिनने १८ कार्डं, राखीव वेगळी. कागदावर ४च्या ८ फेऱ्या केल्या की कार्डं निम्म्यावर येतात. पण चाकण-तळेगाव रस्त्यावर टेम्पो अडकला की आठवी फेरी कागदावरच राहते. रोज खात्रीने होतात तेवढ्याच फेऱ्या धराव्यात. शिवाय सुट्टीचा वार. भोसरीच्या पट्ट्यात अनेक कारखाने गुरुवारी बंद असतात. ग्राहकाची सुट्टी रविवारी असेल, तर गुरुवारचा माल बुधवारीच तयार हवा. सरासरीच्या सूत्रात हे येत नाही.

४. हीट ट्रीटमेंटसारख्या भट्टीच्या कामाला हे सूत्र लावू नये. तिथे एकेका बिनमागे भट्टी पेटत नाही. ढिगातल्या ठरावीक पातळीच्या बिनला एकच इशारा-कार्ड लटकवायचं, तिथवर माल उतरला की पूर्ण बॅच लावायची.

५. राखीव टक्केवारी ही भीतीची जागा. प्रत्येक खातं आपापले पाच टक्के घालतं आणि स्टोअर पुन्हा भरतं. टोयोटाचा दंडक दहा टक्क्यांच्या आत राहण्याचा होता. मोठ्या संकटाला ही राखीव पुरत नाही, आणि ते तिचं कामही नाही. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमध्ये करियाच्या आयसिन सेकी कारखान्याला आग लागली. तिथे बनणाऱ्या ब्रेकच्या पी-व्हॉल्व्हचा टोयोटाकडचा साठा थोडाच होता, आणि टोयोटाचं जपानमधलं बहुतेक उत्पादन थांबलं. सावरलं ते इतर पुरवठादारांनी आपापल्या मशीनवर तो भाग धडाधड बनवायला घेतल्यामुळे. दहाच्या जागी वीस टक्के धरले असते, तर आणखी थोडे तास मिळाले असते, इतकंच.

६. कार्डांवर १/९, २/९ असे क्रमांक घाला, म्हणजे हरवलेलं लगेच कळतं. धुण्याला गेलेल्या पँटच्या खिशातलं कार्ड म्हणजे लाइनवरचे ४० नग कमी.

७. हिशेबाने आलेला आकडा हा सुरुवातीचा. लाइन महिनाभर सुरळीत चालली की एक कार्ड काढून पाहावं. काही अडलं नाही, तर ते परत लावू नये. अडलं, तर कुठे अडलं ते त्याच दिवशी जाऊन बघावं. बहुधा तिथे एखादं सेटिंग लांबलेलं असतं, नाहीतर पेटी कुणी उघडलेलीच नसते.