पैशाचा सल्ला कोणास विचारावा?

आमच्या इंदापूर तालुक्यात घरी एकरकमी मोठा पैसा येण्याचे प्रसंग ठरलेले आहेत. उसाचे बिल, जमीन संपादनाचा मोबदला, नोकरीतून निवृत्त होणाऱ्याचा फंड, आणि क्वचित वडिलोपार्जित जागेची विक्री. पैसा येण्यापूर्वी सल्ला द्यावयास कोणी फिरकत नाही; तो आल्याची वार्ता मात्र आठ दिवसांत गावभर होते, व मग ओसरीवर चहाच्या फेऱ्या वाढू लागतात. बँकेतील ओळखीचे कारकून, विम्याचे एजंट, पतसंस्थेचे कोणी संचालक, असे कितीतरी हितचिंतक येऊन जातात. यांतून कोणाचे ऐकावे? शाळेत आपण सरळव्याज व चक्रवाढव्याज यांची गणिते पुष्कळ सोडवितो. परंतु या प्रश्नाचे उत्तर त्या गणितांत सापडत नाही.

हा प्रश्न आमच्या प्रांती नवा नाही. सन १८३६ मध्ये मुंबई इलाख्यातील नव्या पद्धतीची जमीनमोजणी व साराबंदी प्रथम इंदापूर तालुक्यात झाली व साऱ्याचे दर तीस वर्षांच्या मुदतीने ठरले. मुदत संपल्यावर दर वाढले. इकडे अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला चढलेला भाव युद्ध थांबताच कोसळला. सारा रोख भरावयाचा, व रोकड तर सावकाराच्या पेटीत. तेव्हा सावकार हाच कर्ज देणारा, तोच धान्य विकत घेणारा, तोच हिशेब लिहिणारा. आणि अडचणीच्या वेळी काय करावे हे विचारावयाचे तेही त्यालाच! सारेच सावकार दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्याचा लाभ आपल्या कर्जात आहे त्यालाच कर्ज काढावे की न काढावे हे विचारल्यास तो मनाने कितीही भला असला तरी उत्तर एकाच बाजूस झुकणार.

त्याचा परिणाम १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी दिसला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज ते बारामती तालुक्यात आहे. तेथून दंग्याचे लोण इंदापुराकडेही आले. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे व वह्या मिळवून जाळावयाच्या, हा त्यांचा हेतू. ज्या कागदावर आपण अंगठा उठविला त्यात काय लिहिले आहे हे त्यांस कधी कळलेच नव्हते. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले, व पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्याचा दस्तऐवज गावच्या निबंधकासमक्ष लिहिला जावा, दिलेल्या पैशाची पावती मिळावी व मागितल्यास हिशेब दाखवावा, असे ठरविले. कर्जाने सारी पीडा संपली नाही, तरी एक तत्त्व कायद्यात आले: व्यवहारात ज्याचा लाभ नाही असा तिसरा मनुष्य मध्ये असावा.

आजच्या काळी कर्जापेक्षा बचतीच्या बाबतीत या तिसऱ्या मनुष्याची उणीव अधिक भासते. बाजार समितीतील उदाहरण घेऊ. डाळिंबे विकल्यावर शेतकऱ्याच्या हाती पट्टी येते. तीत हमाली, तोलाई लिहिलेली असते. फळे व भाजीपाला यांची अडतही पूर्वी शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जाई. २०१६ साली ती खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. अडत्या कोणाकडून किती घेतो हे निदान कागदावर दिसते. विम्याचा हप्ता भरताना किंवा म्युच्युअल फंडात पैसे घालताना अशी पट्टी हाती कोठे येते? एजंट म्हणतो, 'माझी फी काहीच नाही, सेवा फुकट.' ते खोटे नसते. पण अर्धेच खरे असते. त्याची दलाली कंपनी देते, व कंपनी ती आपल्याच पैशातून काढते.

ही रक्कम किती मोठी होते हे विद्यार्थ्यांनी स्वतः काढून पाहावे. एक लाख रुपये २० वर्षे दरसाल ८ टक्के चक्रवाढीने ठेवले तर सुमारे ४ लाख ६६ हजार होतात. त्यातून दरसाल एक टक्का कोणी नेला व ७ टक्केच उरले तर सुमारे ३ लाख ८७ हजार होतात. एका टक्क्याने ७९ हजार नेले! म्युच्युअल फंडात १ जानेवारी २०१३ पासून दलालीविना थेट गुंतवणुकीचा पर्याय ठेवावा लागतो, तो याचसाठी. त्याची माहिती मात्र ज्याची दलाली बुडते तो सहसा आपण होऊन देत नाही, व त्यात नवल ते काय?

रोखे बाजारावर देखरेख ठेवणारी 'सेबी' ही संस्था १९८८ साली स्थापन झाली व १९९२ च्या कायद्याने तिला अधिकार मिळाले. तिने २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांसाठी नियम केले. त्यांचे सार असे की, नोंदणीकृत सल्लागाराने आपला मोबदला केवळ अशिलाकडून घ्यावा, व ज्यास सल्ला दिला त्याच्या खरेदीवर कंपनीकडून दलाली घेऊ नये. फीला कमाल मर्यादाही आहे. याच्या उलट जो फंड विकून दलाली मिळवितो तो वितरक होय. वितरक असणे हा गुन्हा नव्हे, त्यालाही नोंदणी लागते. पण त्याने स्वतःस सल्लागार म्हणवून घेतले की घोटाळ्यास आरंभ होतो. दोघांस ओळखण्याची खूण सोपी आहे. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, तर वितरकाजवळ 'एआरएन' क्रमांक असतो. सेबीच्या यादीत सल्लागाराचे नाव शोधून पाहता येते, व घरात हे काम मुलांइतके चटकन कोणास जमणार? वडिलांनी नाव सांगावे, मुलांनी ते यादीत आहे की नाही हे पाहावे.

नाव यादीत सापडले म्हणजे सारे झाले, असे मात्र नाही. प्रथम भेटीत सल्लागार किती ऐकतो व किती बोलतो, याकडे आम्ही अधिक लक्ष देऊ. घरात खाणारी तोंडे किती, कर्ज किती, मुलीचे शिक्षण केव्हा, पाऊस न पडल्यास वर्ष कसे निघेल, हे न विचारताच जो योजनेचे नाव सुचवितो, त्याची योजना आपण येण्यापूर्वीच ठरलेली होती असे समजावे. निश्चित नफ्याची हमी देणाऱ्याकडून तर तत्क्षणी उठून यावे. करार लेखी असावा, फी चेकने किंवा बँकेमार्फत द्यावी, रोख देऊ नये, आणि गुंतवणुकीची रक्कम सल्लागाराच्या खात्यात कदापि भरू नये. पतसंस्थेत ठेव ठेवण्यास कोणी सांगितले तर हेही विचारावे की तिला विम्याचे संरक्षण आहे काय. बँकेतील ठेवीस, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत ते असते. पतसंस्थेतील ठेवीस नसते. या एका प्रश्नावर सल्लागाराचे ज्ञान व प्रामाणिकपणा दोन्ही पारखले जातात.

असे सल्लागार थोडे आहेत ही खरी अडचण होय. २०२४ च्या सुमारास साऱ्या देशात त्यांची संख्या हजाराच्या आसपास होती, म्हणून इंदापूरच्या मनुष्यास बहुधा पुणे गाठावे लागते किंवा फोनवर बोलावे लागते. शिवाय केवळ शब्दांसाठी पाचदहा हजार मोजणे आपल्या लोकांच्या जिवावर येते. बचत लहान असेल तर खर्च करूही नये. पोस्ट व चांगली बँक पुरेशी आहे. परंतु आयुष्याची कमाई एकदम हाती आली असता फी वाचविणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. फंडाचे पैसे आले तेव्हा, 'मुदत ठेवीसारखेच, पण व्याज जास्त,' असे सांगून एका ओळखीच्या गृहस्थाने त्यांच्या सहीने पैसे गुंतविले. दुसऱ्या वर्षी तेवढाच हप्ता भरण्याची सूचना आली, तेव्हा कळले की ती ठेव नसून बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी आहे. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्याची ठराविक मुदत असते (आता ती ३० दिवसांची आहे). ती केव्हाच उलटली होती. हप्ता भरणे शक्य नव्हते, म्हणून पॉलिसी बंद पडली, व उरलेली रक्कम पाच वर्षे पुरी होईपर्यंत अडकून राहिली. तो गृहस्थ अद्याप रस्त्यात भेटला की गुरुजींना वाकून नमस्कार करतो.

उरलेल्या पैशासाठी त्यांच्या नातीने यादीतून पुण्याचा एक सल्लागार शोधला. त्याने दोन तास प्रश्न विचारले, फी चेकने घेतली व चार दिवसांनी उत्तर पाठविले. ते जेमतेम अर्ध्या पानाचे होते. वर्षभराच्या औषधपाण्याची रक्कम बचत खात्यात ठेवा, मोठा भाग पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला, बाकी बँकेत ठेवा, आणि नवीन काहीही विकत घेऊ नका. गुरुजींनी तो कागद घडी करून पासबुकात ठेवला आहे.