सावलीतले तापमान आणि उन्हातली माणसे



‘विदर्भात उष्णतेच्या लाटेचा इशारा’ ही बातमी दर उन्हाळ्यात येते आणि ‘दरवर्षीचेच आहे’ म्हणून आपण पान उलटतो. या अंकात त्या एका ओळीचा अर्थ नीट समजून घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे.

‘उष्णतेची लाट’ हा वृत्तपत्राने रंगवलेला शब्द नव्हे. भारतीय हवामान खात्याने त्याची व्याख्या ठरवून दिली आहे. सपाटीच्या प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस हवे आणि ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवे. हा फरक ६.४ अंशांच्या पुढे गेला, तर ती तीव्र लाट. पारा ४५ वर पोहोचला, तर सरासरी न पाहताच लाट धरतात आणि ४७ ला तीव्र लाट. यातली एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४२-४३ अंश असूनही लाट जाहीर होत नाही, कारण इथली सरासरीच जवळपास तेवढी आहे. शरीराला मात्र सरासरीशी काही देणेघेणे नसते.

आपल्याकडची लाट कोरडी का असते? या दिवसांत राजस्थानच्या बाजूने, वायव्येकडून कोरडे वारे येतात. आकाश निरभ्र असते. वरच्या थरातली हवा खाली उतरते, दाबली जाते आणि दाबली जाताना तापते. जमिनीत ओल असती, तर उन्हाची बरीच उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च झाली असती. ओल संपली की ती सारी उष्णता जमीन आणि हवा तापवण्याच्या कामी येते. भेगा पडलेल्या शेतावरून येणारी झळ तोंडाला लागते, ती ही.

कोरड्या उन्हाचा खरा धोका फसवा आहे. घाम आल्या आल्या वाळतो, सदरा ओला होत नाही, आणि माणूस म्हणतो, घामच नाही तर पाणी कशाला? पाणी गेलेले असतेच. एक लिटर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हाच देवाने दिलेला कूलर, आणि टाकी कोरडी असेल तर कोणताही कूलर नुसती गरम हवाच फेकतो. दमट हवेत उलटे होते, घाम वाळतच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात ऊन लागून चौदा जण दगावले, तेव्हा त्या भागात पारा चाळिशीच्या आतच होता.

आता त्या आकड्याविषयी. खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीत असतो. म्हणजे बातमीतले ४५ अंश सावलीतले. डांबर टाकणाऱ्याला, वीटभट्टीवरच्या बाईला, टिनाच्या छपराखाली झोपलेल्या म्हाताऱ्याला लागणारी उष्णता त्या आकड्यात नाही. (२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि मोबाईलवर एकच हलकल्लोळ झाला. पुढे खात्याने तो उपकरणाचा दोष असल्याचे सांगितले. अशा आकड्यांनी उगाच घाबरण्यापेक्षा खरे ४५ मनावर घ्यावेत.)

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ‘निश्चित’ आणि ‘शक्य’ यांतल्या फरकावर आम्ही तासन्‌तास वाद घालत असू. अंदाज या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतो. त्याची एक गंमत अशी की, इशारा ऐकून लोक सावध राहिले आणि कुणाला काही झाले नाही, तर लोक म्हणतात, ‘उगाच घाबरवले.’ अहमदाबादेत मे २०१० मध्ये एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा आखला. इशारा वेळेवर पोहोचवणे, पाण्याची सोय, दवाखान्यातल्या लोकांना प्रशिक्षण असे साधेच उपाय त्यात आहेत. न झालेले मृत्यू कुणाला दिसत नाहीत, म्हणून अशा कामाचे कौतुकही फारसे होत नाही.

आमच्या मते खरा प्रश्न ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ या सूचनेचा आहे. ती ज्याला पाळता येते, त्याला तिची फारशी गरज नसते. रोजंदारीवरचा माणूस दुपारी घरी बसला, तर त्या दिवसाची मजुरी गेली. आपल्यापैकी काहींची बांधकामे चालू आहेत, काहींकडे शेतमजूर आहेत, बऱ्याच घरांत धुणीभांडी करायला बाई येते. त्यांना आमची स्पष्ट विनंती आहे: लाटेच्या दिवसांत काम पहाटे सुरू करा, अकराला थांबवा आणि मजुरी पूर्ण द्या. तेंदूपत्ता तोडणारे पहाटेच जंगलात जातात, त्यांना हे शिकवावे लागत नाही. नुसता माठ भरून ठेवणे पुरेसे नाही. तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पाणी प्यायला थांबू द्यायला हवे.

ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेले, तर तो उष्माघात समजा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. शुद्धीवर असलेल्या, नुसत्या थकलेल्या माणसासाठी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे घरचे पेय चालते. चमचा चहाचा घ्यावा.

लग्नसराईबद्दल आपल्याला कळवायचे आहे की, मे महिन्यातल्या लग्नाच्या मिस्सा सकाळी आठला किंवा सायंकाळी सहाला होतील. साडेअकराची वेळ यंदा देणार नाही. वरातीसाठी भर दुपारी बँडवाल्यांना रस्त्यावर उभे करू नये. एकटे राहणाऱ्या वृद्धांची नावे सेवकांनी पुढील रविवारपर्यंत कार्यालयात द्यावीत. लाटेच्या दिवसांत दुपारी आणि रात्री, दोन्ही वेळा त्यांच्याकडे कुणीतरी डोकावेल अशी व्यवस्था करत आहोत. रात्रीही पारा उतरला नाही, तर शरीराला विसावा मिळत नाही. चर्चच्या फाटकाजवळची पाणपोई सोमवारपासून सुरू होईल. रांजण भरण्यासाठी दोन तरुण हवे आहेत.